जिभेवर की हातात? बार्देशातल्या एका धर्मग्रामातलं प्रकरण

मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, मिळणारी पवित्र भाकर म्हणजे ख्रिस्तप्रसाद. तो जिभेवर घ्यावा की हातात, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला शिस्तीचा वाटतो. आतल्या माणसाला तो श्रद्धेचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. मिस्सेत धर्मगुरूने ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की वेदीवरची भाकर कॅथलिकांसाठी साक्षात ख्रिस्त असते. 1551 साली ट्रेंटच्या धर्मसभेने असंही सांगून ठेवलं की भाकरीचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात ख्रिस्त पूर्ण असतो. त्यामुळे तळहातावर राहून गेलेला एक कण किंवा जमिनीवर पडलेली एक ओस्ती (त्या भाकरीची पातळ चकती) यावर घराघरांत महिनाभर बोलणं होतं.

पुढचं प्रकरण गोव्यात म्हापशाजवळच्या एका धर्मग्रामातलं (पॅरिशमधलं). कुटुंब ओळखू येईल असे तपशील मी गाळले आहेत. मी तिथे रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. माझ्या घरची भाषा मराठी असल्यामुळे या घराशी बोलायचं काम फादरांनी माझ्याकडे दिलं.

कुटुंब

मूळचे श्रीरामपूरकडचे. वडील थिवीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, आई घरी शिवणकाम करते, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. आजोबा गेल्यावर आजी गावाकडून इकडे राहायला आली. हरेगावच्या मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा हा तिच्या वर्षाचा मोठा सण. तो आता चुकतो याचं दुःख ती उघड बोलून दाखवते. घरी संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) मराठीत, चर्चमध्ये मिस्सा कोंकणीत. गायनाचं पुस्तक रोमी लिपीत असल्याने आजीला वाचता येत नाही, पण मिस्सा सगळी कळते. उत्तरं ती मराठीतच पुटपुटते आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या गोंयकार बायकांना त्याची आता सवय झाली आहे.

तिचा स्वतःचा पहिला ख्रिस्तप्रसाद साठच्या दशकातला. वेदीपुढच्या कठड्याशी रांगेत गुडघे टेकायचे, कठड्यावर पांढरं कापड अंथरलेलं, हात त्या कापडाखाली. ओस्तीला दात लागता कामा नये असं सिस्टरांनी बजावलेलं. त्याआधी तीन तासांचा उपवास. आज तो एका तासावर आला आहे. हे सगळं ती आजही काल घडल्यासारखं सांगते.

काय घडलं

ईस्टरनंतरच्या रविवारी मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद ठरला होता. त्याच्या पंधरवडाभर आधी, एका शनिवारी चर्चमध्ये तालीम झाली. तालमीला पवित्रीकरण न झालेल्या ओस्त्या वापरतात. मुलांना चव कळते, ओस्ती टाळूला चिकटते हे कळते, मग मुख्य दिवशी कुणी बावरत नाही. कोविडनंतर आमच्याकडे मुलांना फक्त हातात घ्यायला शिकवण्याचा प्रघात पडला होता. तो कुणी मुद्दाम ठरवलेला नव्हता. एका वर्षी गरजेपोटी सुरू झाला आणि मग तसाच चालत राहिला.

या मुलाची पाळी आली तेव्हा त्याने तोंड उघडलं. मदतीला आलेल्या बाई म्हणाल्या, "हात पुढे कर." त्याने हात पुढे केले: उजवा वर, डावा खाली, तळवा थोडा खोलगट. "उलटं. डावा वर, उजवा खाली." त्याने हात बदलले, ओस्ती डाव्या तळव्यावर घेतली, उजव्या हाताने उचलून तोंडात घातली आणि बाकावर जाऊन बसला. बाईंनी शिकवलं ते चूक नव्हतं. सगळीकडे असंच शिकवतात, कारण उचलायला उजवा हात मोकळा राहतो.

घरी जाऊन त्याने आजीला करून दाखवलं. आजीचा पहिला प्रश्न: "डाव्या हातावर देव ठेवायला कुनी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी रविवार. आजी मिस्सेला ज्या रांगेत उभी राहिली तिथे फादर नव्हते, ख्रिस्तप्रसाद वाटणारे एक सेवक होते. (1973 पासून रोमच्या परवानगीने प्रापंचिक माणसांनाही गरजेनुसार हे काम देता येतं.) सेवकांनी ओस्ती वर धरून म्हटलं, "ख्रिस्ताची कूड" (ख्रिस्ताचं शरीर). आजीने "आमेन" म्हटलं, हात जोडलेलेच ठेवले, तोंड उघडलं. सेवक थांबले. हळूच म्हणाले, "आजी, हात." आजी तशीच उभी. "कोविडापासून जिभेवर बंद आसा." आजीने तोंड मिटलं आणि ख्रिस्तप्रसाद न घेता जागेवर परतली. मागे उभ्या सुनेने हे पाहिलं आणि तीही न घेता परत फिरली.

त्या रात्री घरात जे झालं ते मला आईने नंतर सांगितलं. वडिलांचं म्हणणं, आपण इथे भाड्याने राहतो, मुलाचं नाव चर्चच्या वर्गात आहे, भांडण नको. पण त्यांच्याच मनात दुसरंही काही होतं: "आपण घाटी, म्हणून आपल्याला हात कुठला वर ते शिकवतात." आजी म्हणाली, मुलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद हरेगावला करू. आणि आईच्या फोनवर मुंबईच्या नातलगाकडून एक लांबलचक मेसेज येऊन पडला: हातात ख्रिस्तप्रसाद घेणं महापाप आहे, ही साठच्या दशकानंतर घुसलेली विकृती आहे, घेणाऱ्याने पापनिवेदन करावं.

वडिलांचा संशय मला खरा वाटत नाही. त्याच सेवकांनी त्याच रांगेत गोंयकार म्हाताऱ्यांनाही हात पुढे करायला लावले होते. त्यांनी मुकाट्याने केले, एवढाच फरक. पण परक्या गावात राहणाऱ्या घराला असं का वाटलं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं शक्य नव्हतं. म्हणून मी पहिल्या भेटीत नियमाचं नावही काढलं नाही. आजीकडून मतमाउलीची यात्रा ऐकली, चहा घेतला आणि आले.

नियम कोणाच्या बाजूला

सेवकांचं वाक्य साफ चुकीचं होतं. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेत, कलम 161 मध्ये, ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यावा किंवा जिथे मुभा आहे तिथे हातात, आणि निवड घेणाऱ्याची, असं आहे. 25 मार्च 2004 ला रोमने काढलेल्या 'रिडेम्प्तियोनिस साक्रामेन्तुम' या दस्तऐवजाचं कलम 92 त्याहून ठाम आहे: जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला नेहमीच आहे. कलम 91 सांगतं की कुणाला उभ्याने किंवा गुडघ्यावर घ्यायचं आहे एवढ्या कारणावरून ख्रिस्तप्रसाद नाकारता येत नाही. म्हणजे आजीला परत पाठवण्याचा अधिकार ना सेवकांना होता, ना फादरांना.

कोविडचं काय? 15 ऑगस्ट 2020 रोजी कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी उपासनेविषयीच्या रोमच्या खात्याकडून जगभरच्या बिशपमंडळांना पत्र लिहिलं होतं. संकटाच्या काळात बिशप तात्पुरते नियम घालू शकतात आणि ते पाळलेच पाहिजेत, असं त्यात होतं. परिस्थिती पूर्ववत झाली की ते नियम संपतात, हेही त्याच पत्रात होतं. आमच्याकडे पहिलं वाक्य सर्वांच्या लक्षात राहिलं आणि दुसरं हवेत विरलं.

आता त्या मेसेजकडे. तो तितकाच खोटा होता. ज्या कलम 92 मध्ये जिभेचा हक्क आहे, त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की बिशपमंडळाने रोमच्या मान्यतेने मुभा दिलेल्या प्रदेशात कुणी हातात मागितलं तर हातात द्यावं. फक्त घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या समोरच खावं, हातात घेऊन कुणी पुढे चालू लागू नये. पवित्र वस्तूची विटंबना होण्याचा धोका दिसला तर मात्र हातात देऊ नये. जी गोष्ट चर्च स्वतः द्यायला सांगतं, ती घेणं पाप कसं होईल? त्या मेसेजमुळे एक शिवणकाम करणारी बाई आठवडाभर नीट झोपली नाही, याचा मला अजूनही राग येतो.

विटंबनेचा धोका गोव्यात कागदावरचा नाही. जुन्या गोव्यात 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, किंवा नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मधल्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाच्या काळात जो कुणी तिथे गेला असेल त्याला हे माहीत आहे. गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि त्यांच्या मनात भक्तीच असते. रांग दिसली की ती उभी राहतात, हात पुढे करतात, मिळालेली ओस्ती कपाळाला लावतात आणि घरच्यांना द्यायला रुमालात बांधू लागतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या आपल्या माणसांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं: बासिलिकात मिस्सा जरूर ऐका, पण कॅथलिक नसाल तर त्या रांगेत उभं राहू नका. तिथे वाटणाऱ्याची नजर तळहातावर का खिळलेली असते, याचं कारण हेच.

आजीचा उजवा हात

दुसऱ्या भेटीत मी आजीला विचारलं, हात पुढे करायला तुमची खरी हरकत काय? तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, देवाला आपण हात लावणारे कोण. फादरांच्या हाताला अभिषेकाचं तेल लागलेलं असतं, आपल्या नाही. दोन, डावा हात. शेजारच्या घरी चवथीला हा मुलगा जातो, तिथे दिलेलं तो उजव्या हातात घेतो, डावा खाली धरून. ते वळण आजीनेच लावलेलं. "लोकाच्या घरचं पेढं उजव्या हातात, आन् आपला देव डाव्या?" तिचं हे वाक्य मला निरुत्तर करून गेलं, कारण त्यात मुलाची समजूतही होती आणि तिची भक्तीही.

आणि इथेच प्रकरणाला वळण मिळालं. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावर असलेल्या प्रवचनांत नवख्रिस्ती लोकांना ख्रिस्तप्रसादाला कसं यावं हे सांगितलं आहे: बोटं फाकवून येऊ नका, डाव्या हाताचं उजव्या हातासाठी सिंहासन करा, कारण तो राजाला घेणार आहे, तळवा खोलगट करा, ख्रिस्ताचं शरीर घ्या, आमेन म्हणा. सोन्याची पूड हातात दिली असती तर तुम्ही किती जपली असती, मग यातला एक कणही सांडू नये म्हणून किती जपाल, असंही ते विचारतात. मुलाने तालमीत नकळत जे केलं होतं ते हेच होतं.

मी हे आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बिशपाला कळत व्हतं." पण स्वतः जिभेवरच घेईन, हे तिने लगेच जोडलं.

तिच्या त्या आग्रहालाही इतिहासाचं पाठबळ आहे, आणि ते मला मेसेजवाल्यांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे मांडायचं आहे. पहिली काही शतकं हातात घेण्याची रीत होती. नवव्या शतकाच्या सुमारास पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती मागे पडली. भाकरीविषयीचा आदरयुक्त धाक वाढला, कण सांडण्याची आणि कुणी भाकर जादूटोण्यासाठी पळवून नेण्याची भीती वाढली, आणि जिभेवर देणं हीच रीत झाली. पुढची हजार वर्षं ती टिकली. विसाव्या शतकाच्या साठीत युरोपात काही ठिकाणी परवानगीशिवाय हातात देणं सुरू झालं तेव्हा पोप पॉल सहावे यांनी जगभरच्या बिशपांना विचारलं. हातात द्यायला 1,233 बिशपांनी नको म्हटलं, 567 जणांनी हो. 29 मे 1969 च्या 'मेमोरियाले दोमिनी' या सूचनापत्राने जिभेवरची रीत कायम ठेवली आणि जिथे हातात देण्याचा प्रघात पडलेला आहे तिथल्या बिशपमंडळांना दोन-तृतीयांश मतांनी परवानगी मागता येईल, अशी वाट ठेवली. त्या वाटेने अमेरिकेत 1977 मध्ये आणि इटलीत 1989 मध्ये मुभा मिळाली. पुढे 2008 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे आपल्या मिस्सांत गुडघे टेकलेल्यांना जिभेवर देऊ लागले, तेही सर्वांवर सक्ती न करता.

माझं मत यातून तयार झालं आहे. हात हे जुनं म्हणून शुद्ध आणि जीभ ही नंतरची म्हणून दुय्यम, असं म्हणणारे हजार वर्षांची भक्ती एका वाक्यात पुसतात. जीभ हीच खरी आणि हात म्हणजे अपमान, असं म्हणणारे सिरिलच्या मंडळीलाच अपमान करणारी ठरवतात. दोन्ही बाजूंना ज्या कणाची काळजी आहे तो एकच आहे. म्हणून घेणाऱ्याला दोन्ही रीती नीट शिकवाव्यात, आणि निवड त्याच्यावर सोडावी. इथे निवड आजीची तिच्यापुरती, आईची तिच्यापुरती, आणि मुलाची, लहान असला तरी, त्याचीच.

सेवकांची बाजू

सेवक निवृत्त गृहस्थ, घरी अंथरुणाला खिळलेली आई. जिभेवर देताना बोटाला लाळ लागते, तेच बोट पुढच्या माणसाच्या तोंडाजवळ जातं, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. लोक ओठ जेमतेम उघडतात, जीभ बाहेर काढत नाहीत, काही जण पुढे झेपावून बोट चावतात. पण हेच सेवक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेतात, आणि ज्यांना हात उचलता येत नाही त्यांना जिभेवरच देतात. मी त्यांना विचारलं, तिथे तुम्ही कसं करता?

मग त्यांनीच सांगितलं. माणसाला मान किंचित मागे करायला सांगायची, तोंड मोठं उघडायचं, जीभ खालच्या ओठाच्या बाहेर सपाट. ओस्ती कडेला धरायची, वरून जिभेवर टेकवायची आणि ती चिकटली की लगेच बोट काढायचं. आत ढकलायची नाही. कोरड्या तोंडाच्या माणसाला आधी घोटभर पाणी. बोट ओलं झालंच तर थांबून पुसायचं. बिछान्याशी वेळ असतो, रांगेत नसतो, असं ते म्हणाले. शिवाय बुटका माणूस आणि उंच वाटणारा असेल तर जीभ दिसतच नाही. दोन्ही अडचणी खऱ्या. पण रांग दोन मिनिटं लांबली तर काही बिघडत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, आणि बाकीच्या सेवकांना ही पद्धत दाखवायलाही ते तयार झाले.

पुढे काय झालं

फादरांनी आजीला ऑफिसात बोलावलं नाही, स्वतः तिच्या घरी गेले. "आजी, चूक आमची. तुमचो हक्क आसा, तो कोण काडून घेवंक शकना." वडील दारातच उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका वाक्याने उतरलेला मी पाहिला. पुढच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी दोन्ही रीती चालतात अशी सूचना कोंकणीत झाली, आणि आमच्या घरांसाठी मराठीतही.

मुलांची तालीम पुन्हा घेतली, या वेळी दोन्ही रीतींची. हात स्वच्छ, काही धरलेलं नाही, देणाऱ्याने ठेवेपर्यंत थांबायचं, ओढून घ्यायचं नाही. तिथेच खायचं, मग तळवा बघायचा. कण दिसला तर तोही जिभेने टिपायचा. जिभेवर घेणाऱ्यांना सेवकांची पद्धत. मग प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन विचारलं, आईवडील जवळ नसताना. या मुलाने मला विचारलं, "उजवा वर ठेवला तर फादर रागावतील?" मिस्साग्रंथाच्या सूचनेत कुठला हात वर ते लिहिलेलं नाही, फादरांनाही मी विचारून घेतलं. त्यांनी चालेल म्हटलं, फक्त जागेवरून हलण्याआधी घे.

त्याने तसंच घेतलं. उजवा तळवा डाव्यावर, मान लववून ओस्ती थेट तळव्यावरून तोंडाने उचलली, तळवा पाहिला, मग बाजूला झाला. आजी शेजारच्या रांगेत होती, फादरांसमोर, जिभेवर. बाहेर आल्यावर नातवाविषयी तिची एकच तक्रार: "डोळं मिटलं न्हाईत त्यानं."

सगळं सुटलं असं नाही. 'रिडेम्प्तियोनिस साक्रामेन्तुम'च्या कलम 93 प्रमाणे ओस्ती किंवा कण पडू नये म्हणून हनुवटीखाली धरायचं तबक वापरात ठेवायला हवं. सॅक्रिस्टीच्या (चर्चमधल्या पूजासामानाच्या खोलीच्या) कपाटात एक सापडलं, काळवंडलेलं. ते चकचकीत करून आणलं, पण रांगा तीन आणि तबक एक. वेदीसेवक मुलं ते हनुवटीखाली धरताना गळ्याला टेकवतात, त्यांनाही शिकवणं आलं.

आणि आईचं एक मागणं फादरांनी मान्य केलं नाही. जिभेवर घेणाऱ्यांसाठी वेगळी रांग करा, म्हणजे कुणाला थांबवलं जाणार नाही, असं तिचं म्हणणं. फादर म्हणाले, दोन रांगा केल्या की महिन्याभरात लोक एकमेकांची भक्ती रांगेवरून मोजू लागतील. मला फादरांचं पटतं. तिला पटलेलं नाही. त्या सकाळी सासू तोंड मिटून मागे फिरली ते तिने पाहिलं आहे, आणि सूचना वाचल्याने सगळे सेवक बदलले यावर तिचा अजून विश्वास बसत नाही. ती सासूला दर रविवारी फादरांच्याच रांगेत उभी करते, मग ती रांग कितीही लांब असो.